आईच्या श्वासाच्या पाळ्या

मालन दिवटे यांचा श्वास तीन पाळ्यांत चालायचा. सकाळची पाळी थोरल्या अविनाशची, दुपारनंतरची जयमालाची आणि रात्रीची धाकट्या गजाननची. रात्रपाळी गजाननला देण्यामागे विचार होता. झोपलेल्या माणसाचा श्वास सर्वांत शांत असतो, असं यंत्राच्या कंपनीचं म्हणणं, आणि झोपेच्या बाबतीत गजाननचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. ज्या झोपेसाठी त्यानं आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, तिचं आता नातेवाइकांत कौतुक होत होतं.

जागा इचलकरंजीबाहेर, नदीच्या अंगाला. पूर्वी तिथं मंगल कार्यालय होतं. लोक लग्नं लांबच्या रिसॉर्टवर करायला लागले तसं ते बंद पडलं आणि एका ट्रस्टनं तिथं शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी 'सायंछाया' काढलं. मरायला अजूनही गावाजवळचीच जागा बरी पडते. ट्रस्टनं रंग नवा दिला, पण खोल्यांवरच्या पितळी पाट्या चांगल्या होत्या म्हणून तशाच ठेवल्या. त्यामुळे निम्मे रुग्ण 'वधूपक्ष'मध्ये होते आणि निम्मे 'वरपक्ष'मध्ये. मालनबाई वरपक्षात. याच खोलीत त्या गजूच्या लग्नात मानाच्या साडीवरून रुसून बसल्या होत्या. आता त्याच खोलीत नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडल्या होत्या आणि रुसायला पुरेसा दम नव्हता.

त्यांचं सगळं आयुष्य मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात गेलं होतं. कांडी भरताना सुतातून जो बारीक कापूस उडतो, तो डोक्यावर बसला तर झटकता येतो. छातीत बसला तर येत नाही. त्यात घरी चुलीचा धूर. फुप्फुस म्हणजे फुगा, असं शाळेत शिकवतात. मालनबाईंचा फुगा जुन्या रबरासारखा सैल पडला होता. हवा आत जायची, पण बाहेर यायला तयार नसायची. जुनी हवा ठाण मांडून बसलेली, नवी मावणार कुठं? मग माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, भराभर घेतला की आधीची हवा आणखी अडकते, आणि अडकली की तो आणखी घाबरतो. या आजाराचा माणूस महिनोन्‌महिने बुडत असतो, आणि तेही कोरड्या गादीवर, चार माणसांच्या देखत.

'सहश्वास' हे यंत्र या चक्रात पाचर मारायचं. मेंदूकडून निघालेला 'घे, सोड' हा हुकूम मानेतल्या एका मज्जातंतूवरून छातीखालच्या पडद्याकडं जातो. त्या तंतूवर केसाएवढी तार बसवायची. शेजारी खुर्चीत एक धडधाकट माणूस बसवायचा आणि त्याच्या छातीला पट्टा बांधायचा. त्यानं श्वास घेतला की रुग्णाचा पडदा खाली, त्यानं सोडला की वर. घाबरलेल्या मेंदूचा कारभार बंद, आणि शांत माणसाचा प्रशासक म्हणून कारभार चालू.

मग माणूस कशाला, संगणकानंच श्वास द्यावा की, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटलं होतं. तसं करूनही बघितलं. पण निरोगी माणसाचा कुठलाही श्वास आधीच्यासारखा नसतो. मध्येच उसासा येतो, मध्येच जरा विसर पडतो. घड्याळासारखा श्वास दिला की शरीर ते ओळखायचं आणि बंड करायचं. साठवून ठेवलेला श्वासही पचेना. वधूपक्षातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांचा मुलगा कॅनडातून इंटरनेटवर श्वास पाठवायचा. एक दिवस नेटवर्क अडखळलं, आणि ते परत येईपर्यंत मॅनेजर निघून गेले होते. तेव्हापासून नियम झाला की श्वास देणारा माणूस जिवंत पाहिजे आणि त्याच खोलीत पाहिजे. लगोलग भाड्यानं श्वास देणाऱ्यांच्या जाहिरातीही आल्या. निर्व्यसनी, शाकाहारी, योगासनांची सवय असलेला. दिवट्यांनी तो विचार केला नाही. घरात तीन माणसं असताना बदली कामगार लावायचा म्हणजे गावात तोंड कुठं दाखवायचं?

डॉ. नसीम बागवान सायंछायाच्या प्रमुख होत्या. पट्टा पहिल्यांदा बांधताना त्यांनी तिघा भावंडांना समोर बसवून एक गोष्ट बजावून सांगितली होती.

"पाळी बदलताना मध्ये अर्धा तास पट्टा काढून ठेवायचा. आईंना त्यांचा स्वतःचा श्वास घेऊ द्यायचा. धाप लागेल, बघवणार नाही. मी औषध देईन. पण तेवढं करायचंच."

"बरं," असं तिघं म्हणाले, आणि तिघांनी ते केलं नाही.

त्यात हयगय नव्हती. दिवट्यांच्या घरात तीन पिढ्या माग होते, आणि माग चालू ठेवूनच पाळी बदलायची हे त्यांच्या हाडात होतं. येणारा कामगार मागाशेजारी येऊन उभा राहतो, आणि जाणाऱ्याचा हात निघायच्या आत त्याचा हात पडतो. माग थांबला की थांबल्या जागी कापडावर पट्टी उमटते आणि व्यापारी तो सगळा तागा परत पाठवतो. तेव्हा अविनाश यायचा, दुसरा पट्टा बांधायचा, गजूच्या श्वासाला श्वास जुळवायचा, आणि मगच गजू आपला पट्टा सैल करायचा. आईला क्षणभरही धाप लागत नव्हती. बघायला येणारे म्हणायचे, पोरं असावीत तर अशी.

अविनाशला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं ते एका सकाळी. तो खोलीत आला तर गजू जागा होता आणि मोबाईलवर रील बघत हसत होता. आईही हसत होती. खांदे हलत होते, घशातून आवाज येत होता, पण डोळे मात्र छताकडं लागलेले.

"आईला पण दाखवलास काय?" अविनाशनं विचारलं.

"न्हाई रे. मी हसलो की ती हसती," गजू म्हणाला. "मजा वाटती तिला."

"कशाची?"

"ते तिला इचार की."

अविनाशनं पट्टा बांधला. गजू गेल्यावर त्यानं खरंच विचारलं. आईनं मान त्याच्याकडं वळवली. तिला बोलायचं झालं तर अविनाशनं श्वास सोडेपर्यंत थांबावं लागायचं, कारण आवाज सुटणाऱ्या श्वासावरच चढतो.

"मी न्हाई हसले," ती म्हणाली. "मला हसवलं."

अविनाशचं सुताचं दुकान होतं. दुपारी जयमाला आली की तो दुकानात जाऊन बसायचा. तिथं त्याच्या लक्षात येऊ लागलं की गिऱ्हाइकाशी बोलताना आपण मध्येच थांबतो. आठवेना म्हणून नव्हे. आत घेतलेली हवा बाहेर पडायची बाकी असायची आणि ती पडेपर्यंत पुढचं वाक्य निघत नसे. घरी बायकोनं आपली गादी दुसऱ्या खोलीत नेली. "झोपेत तुमच्या छातीत बारीक शिट्टी वाजते," ती म्हणाली. "सासूबाई इथंच झोपल्यात असं वाटतं."

त्याच आठवड्यात आईनं एक गोष्ट मागितली.

सकाळ होती. खिडकीतून नदीवरचा फेस दिसत होता. लांबून बघितलं तर बर्फ वाटावा असा.

"अवी," आई म्हणाली. पुढच्या श्वासाला म्हणाली, "पट्टा काढ जरा."

"का गं? आवळलाय?"

"मला रडायचंय."

"मग रड की. पट्ट्याचं काय मध्ये?"

"येत न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या श्वासात रडाय येत न्हाई."

अविनाशनं यावर विचार केला. तो बी.एस्सी. झालेला होता आणि गोष्ट समजण्यासारखी होती. रडणं म्हणजे डोळ्यांतलं पाणी, असं आपण समजतो, पण पाणी हा त्यातला लहान भाग. रडणं छातीत असतं. श्वास तुटतो, अडतो, हुंदक्यानं वर येतो, मग लांब सुटतो. ज्याची छाती दुसऱ्याच्या तालावर हलते, त्याच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं, पण रडू येऊ शकत नाही.

"कशासाठी रडायचंय?"

"ते माझं मला."

अविनाश गुणी मुलगा होता. पट्टा काढणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यानं आईसाठी स्वतः रडून बघायचं ठरवलं. दार लावलं, मान खाली घातली आणि दोनतीन हुंदके काढले. पलंगावर आईच्या छातीतून तसेच दोनतीन हुंदके निघाले. मग ती त्याच्याकडं बघत राहिली.

"तुझा बाप गेला तवा बी तू असाच रडला होतास," ती म्हणाली. "खोटा."

"आई, पट्टा काढला आणि काही झालं तर? माझ्या पाळीत?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. आईनंही ऐकलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. श्वास मात्र त्याच्याच तालावर चालू राहिला. तेवढा तिला फिरवता येत नव्हता.

संध्याकाळी त्यानं गजूला पाळीआधीच बोलावून घेतलं. पट्टा बांधलेल्या जयमालाला उठता येत नव्हतं, म्हणून आईचा डोळा लागल्यावर तिघं तिच्या खुर्चीभोवतीच हळू आवाजात बोलत बसले.

"रडायचं कुठनं काढलंस?" गजू म्हणाला. "माझ्याजवळ मजेत असती. परवा मला शिवी दिली, काय भारी दिली."

"शिवी?" जयमाला म्हणाली. "आईनं? माझ्याजवळ ती देवाचं बोलती. म्हणाली, तिघांत तूच गुणी."

"माझ्याजवळ ती फारशी बोलत नाही," अविनाश म्हणाला.

"तू तरी कुठं बोलतोस, दादा?" गजू म्हणाला.

तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती आणि ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. गजूची आई गजूसारखी होती, जयमालाची जयमालासारखी, आणि अविनाशची अविनाशसारखी, तोंड मिटून बसणारी. चौथी कुठं होती?

"ते काही नाही," जयमाला शेवटी म्हणाली. "पट्टा काढायचा नाही. तू काढलास आणि कमीजास्त झालं तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"आणि लोक काय म्हणतील, थोरल्यानं बंद पाडली," गजू म्हणाला.

दोन विरुद्ध एक. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत घराघरांत असंच लोकशाही पद्धतीनं ठरतं. ज्येष्ठ नागरिकाला मत नसतं.

पण अविनाशला राहवेना. दुसऱ्या दिवशी डॉ. बागवान फेरीवर आल्या तेव्हा त्यानं आडून विचारलं की मधल्या अर्ध्या तासाचं एवढं काय महत्त्व असतं.

"तुम्ही तो देता ना?"

"आम्ही आईला एकदाही धाप लागू दिली नाही," अविनाश म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. त्यानं चालू मागाची पद्धत समजावून सांगितली.

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि त्या बसल्या. त्या फेरीवर कधी बसत नसत.

"मेंदूच्या तळाशी एक लहानसं केंद्र असतं," त्या म्हणाल्या. "आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून ते एकच काम करतं. घे, सोड. त्याला कधी सुट्टी नसते. तुम्ही त्याला सुट्टी दिलीत. ते आता नुसतं थांबलं असेल, नाहीतर काम कायमचं विसरलं असेल. दोन्हीत फरक करणारी तपासणी एकच."

"कोणती?"

"पट्टा काढायचा आणि बघायचं."

"आणि न काढता असंच ठेवलं तर?"

"तर तुमच्यापैकी कुणीतरी श्वास घेतोय तोवर त्यांची छाती हलत राहील. पुढं आतलं सगळं बंद पडलं तरी हलेल. कुणाच्या पाळीत बंद पडलं, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही."

अविनाशनं आईकडं बघितलं. ती झोपली आहे की नाही, हे खरंच सांगता येत नव्हतं. तिची छाती त्याच्याइतकीच शांत असणार, आणि तो तर हादरलेला होता. मग त्याला दिसलं की तिची छातीही आता भराभर हलतेय.

"तुमचं कसं चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं. "झोपेत शिट्टी वाजते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांचीच वाजते. फोटो काढला तर फुप्फुस स्वच्छ. रुग्णाला झेपेना की पट्टा श्वास देणाऱ्याची छाती जरा दाबून धरतो, त्याला हळू करतो. तुमच्या लक्षातही येत नाही, पण तुमचं केंद्र ते शिकत असतं. आपण म्हणतो, आपण त्यांना श्वास देतो. तार दोन्हीकडून ओढते, अविनाशराव."

त्या गेल्यावर अविनाशनं दार लावून घेतलं. मग त्यानं एक गोष्ट केली, जी पुढं त्यानं कुणाला सांगितली नाही. त्यानं श्वास रोखून धरला.

आईची छाती थांबली. तिनं डोळे उघडले. अविनाशला वाटलं होतं की तिथं भीती दिसेल, आणि भीती दिसली असती तर त्यानं पट्टा जन्मभर काढला नसता. पण आई त्याच्याकडं शांतपणे बघत होती. बसस्टँडवर गाडी लागली की माणूस पिशवी उचलून तयार होतो, तशी ती तयार दिसत होती. छाती फुटायची वेळ आली ती अविनाशची. त्यानं घाईनं श्वास घेतला, आणि आईलाही तो घ्यावा लागला. तिनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ती कुणाच्याच पाळीत बोलेना. शिवी नाही, देवाचं नाही. गजू म्हणाला, झोप लागत असेल. गजूला जगातल्या सगळ्या गोष्टींचं तेच स्पष्टीकरण पुरायचं.

अविनाशनं पुढच्या सकाळी गजूकडून पाळी घेतली, नेहमीसारखीच, चालू श्वासावर. गजू गेला. अविनाशनं डॉक्टरांना बोलावून आणलं. त्या औषधाची बाटली घेऊन आल्या, आईच्या जिभेखाली चार थेंब सोडले आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"आई," अविनाश म्हणाला. "पट्टा काढू?"

आईनं त्याच्या श्वासाची वाट बघितली. "काढ."

"भीती वाटती?"

"वाटती," ती म्हणाली. मग पुढच्या श्वासाला म्हणाली, "तुझी हाय ती. काढलास की जाईल."

त्यानं पट्टा काढला.

खोलीत काहीच झालं नाही. ते काहीच न होणं लांबत गेलं. आईची छाती सपाट होती. नळीतून ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता, न घेतलेल्या हवेचा. अविनाशचा हात पट्ट्याकडं गेला. डॉक्टरांनी मान हलवून नाही म्हटलं.

मग आईच्या गळ्याची शीर उचलली गेली आणि एक श्वास आला. तो चांगला श्वास नव्हता. घासत, घरघरत, गंजलेलं दार उघडावं तसा आला. अविनाशनं तो लगेच ओळखला. लहानपणी भिंतीपलीकडून तो रोज ऐकलेला होता, कांड्या भरून आल्यावर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती टेकायची तेव्हाचा. एवढ्या महिन्यांत तो श्वास कुठंच नव्हता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसरा आला, तिसरा आला. मग श्वास मध्येच तुटला, अडला, आणि आई रडायला लागली.

ती कशासाठी रडली, ते तिचं तिला. नवऱ्यासाठी असेल, शेडमध्ये गेलेल्या दिवसांसाठी असेल, किंवा कुणाचंही नाव नसलेलं, नुसतंच साठलेलं असेल. ती मनसोक्त रडली. धाप लागली, ओठ निळे झाले, डॉक्टरांनी पुन्हा थेंब दिले, तरी ती रडत राहिली, आणि मध्येच तिनं हात पुढं केला. अविनाशनं तो धरला. त्याच्या छातीला आता पट्टा नव्हता, तरी ती हुंदक्यानं वर जात होती आणि लांब सुटत होती. त्याला काही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटणं अजून पोचलं नव्हतं. त्याचं शरीर नुसतं आईमागून जात होतं.

रडणं ओसरलं. आईचा चेहरा सुटा झाला. एक श्वास आला, मग पुष्कळ वेळानं एक. मग अविनाश पुढच्याची वाट बघत बसला.

"अविनाशराव," डॉक्टर म्हणाल्या.

तो वाट बघत होता. भिंत जरा काळी पडल्यासारखी वाटली.

"अविनाशराव." त्यांनी त्याचा खांदा धरून जोरात हलवला. "त्या गेल्या. तुम्ही श्वास घ्या."

त्यानं घेतला. तो कसा घ्यायचा असतो, हे त्याला मुद्दाम आठवावं लागलं.

निरोप द्यायची गरज पडली नाही. गजू अर्ध्या रस्त्यातून मागं फिरला होता. गाडी चालवताना एकाएकी रडायला लागलो, म्हणाला, आणि मग मला श्वासच येईना, बाजूला घेऊन थांबलो. जयमाला घरी भाकऱ्या थापत होती. तिचाही श्वास मध्येच अडला, आणि ती पिठाच्या हातांनीच आली.

तिघं जुन्या मांडवाच्या जागी, खांबाशी समोरासमोर उभे राहिले. अविनाश काय ऐकावं लागणार ते जाणून होता आणि त्यानं उत्तरंही जुळवून ठेवली होती. गजूच्या चेहऱ्यावर राग होता. जयमालाच्या चेहऱ्यावर तर पुढच्या सगळ्या दिवाळ्यांचा अबोला आत्ताच दिसत होता.

"दादा, तू..." गजू म्हणाला. त्याच क्षणी जयमाला म्हणाली, "तुला सांगितलं होतं..." आणि त्याच क्षणी अविनाश म्हणाला, "ऐकून घ्या, मी..."

तिघं एकदम थांबले. कुणीतरी आधी बोलावं म्हणून तिघांनी वाट बघितली. मग तिघं पुन्हा एकदम बोलले आणि पुन्हा एकदम थांबले.

भांडायला एक सोय लागते, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक बोलत असताना दुसऱ्यानं श्वास आत घ्यावा लागतो. दिवट्यांकडं ती सोय राहिली नव्हती. तिघांची हवा एकाच वेळी आत जात होती, एकाच वेळी शब्द फुटत होते आणि एकाच वेळी संपत होते. चौथ्या खेपेला त्यांनी प्रयत्न सोडला.

राहिली ती मधली शांतता. ती गजूची नव्हती, जयमालाचीही नव्हती, आणि अविनाशला स्वतःची शांतता चांगली ओळखीची होती, ही तीही नव्हती. ही चौथी होती, आणि हिला घाई नव्हती. ती संपेपर्यंत तिघं भावंडं तोंडं किंचित उघडी ठेवून, एकमेकांकडं बघत, पुढच्या श्वासाची परवानगी मिळायची वाट बघत उभी राहिली.